जलपर्णी : उपद्रव, उपयोग आणि उपाय

पावसाळा सरतो, नद्यांचे पूर ओसरतात, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे घातले जातात आणि प्रवाह संथ होतो. त्यानंतर काही आठवड्यांतच नदीच्या काठाकाठाने हिरव्या पानांचे पुंजके दिसू लागतात. माघ-फाल्गुनापर्यंत हे पुंजके एकमेकांना जाऊन मिळतात आणि पाणी दिसेनासे होते. पुलावरून पाहणाऱ्याला एखादे मैदानच पसरले आहे असे वाटावे, इतके हे आच्छादन दाट असते. मधूनमधून फिकट जांभळ्या फुलांचे तुरे डोलत असतात. दृश्य मोठे नयनरम्य असते. परंतु नदीच्या दृष्टीने ते अनारोग्याचे लक्षण होय.

ही वनस्पती म्हणजे जलपर्णी. कोल्हापूर-सांगलीकडे तिला केंदाळ म्हणतात, हिंदी भाषिक तिला जलकुंभी म्हणतात, तर बंगालमध्ये ती कचुरीपाना या नावाने ओळखली जाते. पुण्याची मुळा-मुठा, पिंपरी-चिंचवडची पवना, देहू-आळंदीची इंद्रायणी, कोल्हापूर-इचलकरंजीची पंचगंगा, नाशिक जिल्ह्यातील गोदावरी, कल्याणनजीकची उल्हास या नद्यांच्या काठी राहणाऱ्यांना तिची वेगळी ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. तिच्यासंबंधी दोन प्रकारची मते नेहमी ऐकू येतात. ही वनस्पती समूळ नष्ट केली पाहिजे, असे काहीजण म्हणतात. तिच्यापासून खत, गॅस, कागद आणि टोपल्या तयार होत असल्यामुळे ती संपत्तीच आहे, असे इतर काहींचे प्रतिपादन असते. या दोन्ही मतांत तथ्य किती आहे, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

दक्षिण अमेरिकेतून आलेली पाहुणी

जलपर्णीचे मूळ वसतिस्थान दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन नदीचे खोरे हे होय. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ मार्टिउस यांनी १८२३ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले. पुढे दीर्घकाळ ती ‘आयकॉर्निया क्रॅसिपीस’ या नावाने ओळखली जात असे. २०१८ मध्ये झालेल्या पुनर्वर्गीकरणानंतर ‘पाँटेडेरिया क्रॅसिपीस’ हे तिचे मूळ नाव पुन्हा रूढ होत आहे. आपल्या मायदेशी ती फारशी त्रासदायक नाही. तेथे तिच्यावर उपजीविका करणारे कीटक आहेत, रोग आहेत आणि नद्यांना वारंवार मोठे पूर येतात. परदेशी मात्र ती एकटीच गेली. तिचे शत्रू मागेच राहिले.

तिचा जगभर प्रसार झाला तो तिच्या फुलांमुळे. बागांतील हौदांची शोभा वाढविण्यासाठी लोकांनी ती हौसेने नेली आणि हौदातून ती ओढ्यानाल्यांत पोहोचली. अमेरिकेतील फ्लॉरिडा व लुइझियाना या राज्यांत १८९० नंतरच्या दशकात तिने नौकानयन बंद पाडले. १८९९ मध्ये तिच्या निर्मूलनासाठी तेथील संसदेला कायद्यात तरतूद करावी लागली. १९१० मध्ये तर लुइझियानाचे प्रतिनिधी रॉबर्ट ब्रूसार्ड यांनी आफ्रिकेतून पाणघोडे आणून ते या वनस्पतीवर सोडावेत, असे विधेयक संसदेपुढे मांडले होते. ते संमत झाले नाही. परंतु माणूस किती हतबल झाला होता, याची कल्पना त्यावरून येते.

आपल्या देशात जलपर्णी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये आली आणि नद्या-खाड्यांच्या त्या प्रदेशात तिने थैमान घातले. भाताची खाचरे आणि तागाची शेते तिच्याखाली गेली, होड्यांचे मार्ग अडले. १९२१ मध्ये बंगाल सरकारने या प्रश्नाचा विचार करण्यासाठी समिती नेमली. विख्यात शास्त्रज्ञ सर जगदीशचंद्र बोस हे तिचे अध्यक्ष होते. १९३६ मध्ये जलपर्णीविषयी स्वतंत्र कायदा करण्यात आला. आपल्या ताब्यातील जमिनीवरील व पाण्यातील जलपर्णी काढून टाकणे त्याने बंधनकारक केले. १९३७ च्या निवडणुकीत तिच्या निर्मूलनाचे आश्वासन हा एक प्रमुख मुद्दा होता. एका पाणवनस्पतीने निवडणुकीच्या राजकारणात स्थान मिळविल्याचे असे उदाहरण विरळाच म्हणावे लागेल.

वाढीचे गणित

जलपर्णीचे बळ तिच्या वाढीच्या वेगात आहे. तिच्या पानांचे देठ फुगीर व स्पंजासारखे असतात. त्यांतील हवेमुळे ती पाण्यावर तरंगते. पिसांसारखी झुपकेदार मुळे पाण्यात लोंबत असतात आणि अन्नद्रव्ये थेट पाण्यातूनच शोषून घेतात. प्रत्येक रोपाच्या बुडातून आडवे धुमारे फुटतात, त्यांच्या टोकाशी नवे रोप तयार होते आणि ते तुटून वेगळे झाले की पुन्हा स्वतंत्रपणे वाढू लागते. उष्ण हवा आणि अन्नद्रव्यांनी समृद्ध असे संथ पाणी मिळाले, तर एक ते दोन आठवड्यांत रोपांची संख्या दुप्पट होते.

बारा दिवसांत दुप्पट, असा मध्यम वेग धरला तरी एका रोपाची १२० दिवसांत १,०२४ रोपे होतात. नोव्हेंबरच्या मध्यास जेथे १०० रोपे होती, तेथे मार्चच्या मध्यास लाखावर रोपे का दिसतात, याचे उत्तर या हिशेबात आहे. याच हिशेबाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. एखाद्या तलावातील ९० टक्के जलपर्णी मोठा खर्च करून काढली आणि १० टक्के राहू दिली, तर ती दहाची वीस, विसाची चाळीस व चाळिसाची ऐंशी टक्के होत सुमारे ४० दिवसांत तलाव पुन्हा भरून टाकते. अर्धवट काम म्हणजे केलेला खर्च पाण्यात, असेच येथे म्हणावे लागेल.

बियांचा प्रश्न याहून निराळा आहे. फुले कोमेजल्यावर त्यांचा दांडा पाण्यात वाकतो आणि बारीक बिया तळाच्या गाळात जाऊन बसतात. त्या वीस वर्षांपर्यंत जिवंत राहू शकतात. उन्हाळ्यात पाणी ओसरून काठ उघडा पडला, की त्या रुजतात. म्हणूनच एकदा स्वच्छ केलेल्या तलावातही काही वर्षांनी जलपर्णी अवचित उगवलेली दिसते.

उपद्रवाचे स्वरूप

जलपर्णीच्या दाट आच्छादनाखाली सूर्यप्रकाश पोहोचत नाही. त्यामुळे पाण्यातील सूक्ष्म वनस्पती मरतात व प्राणवायूची निर्मिती थांबते. हवेतील प्राणवायू पाण्यात मिसळण्याची क्रियाही मंदावते. त्यातच मेलेली पाने तळाशी कुजत राहतात आणि उरलासुरला प्राणवायू खर्ची पडतो. याचा पहिला आघात होतो तो माशांवर आणि माशांवर पोट असलेल्या भोई व कोळी कुटुंबांवर. जाळे टाकावयास मोकळे पाणी मिळत नाही, टाकलेले जाळे गुंतते, होडी पुढे सरकत नाही. पुणे परिसरातील नद्यांची जलपर्णी पहिल्या पुराबरोबर वाहत भीमेत येते आणि पुढे उजनी जलाशयाच्या फुगवट्यात विसावते. वरच्या शहरांनी निर्माण केलेला प्रश्न अशा रीतीने खालच्या गावांच्या दारी येतो.

दुसरा प्रश्न आरोग्याचा. जलपर्णीखालच्या साचलेल्या घाण पाण्यात क्यूलेक्स जातीच्या डासांची बेसुमार पैदास होते. मॅन्सोनिया जातीच्या डासांच्या अळ्या तर पाणवनस्पतींच्या मुळांना चिकटून त्यांतूनच हवा घेतात. केरळमधील चेरथला भागात हत्तीरोगाच्या एका प्रकाराचा प्रसार याच डासांमुळे होत असे आणि तेथे तळ्यांतील पाणवनस्पती काढून टाकणे हा रोगनियंत्रणाचा एक भाग ठरला होता.

तिसरा प्रश्न पाण्याच्या नाशाचा. रुंद पानांतून सतत बाष्प बाहेर पडत असल्याने जलपर्णीने व्यापलेल्या पृष्ठभागावरून उघड्या पाण्यापेक्षा अधिक पाणी उडून जाते. हे प्रमाण दीडपटीपासून तिपटीपर्यंत असल्याच्या नोंदी आहेत. हवामान व मोजणीची पद्धत यांनुसार त्यांत फरक पडतो. अवर्षणप्रवण भागातील साठवण तलावांच्या दृष्टीने ही हानी उपेक्षणीय नव्हे. याखेरीज कालव्यांचे प्रवाह अडणे, पंपांच्या जाळ्या तुंबणे, पुराच्या वेळी पुलांच्या कमानींशी जलपर्णीचे ढीग अडून दाब वाढणे हे उपद्रव आहेतच. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर हे राज्यातील पहिले रामसर स्थळ म्हणून २०२० मध्ये घोषित झाले. तेथे उतरणाऱ्या बदकांना मोकळे पाणी हवे असते. जलपर्णीने ते व्यापले, तर पाहुण्या पक्ष्यांची उतरण्याची जागाच नाहीशी होते. अर्थात कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी यांसारखे पक्षी पाणवनस्पतींच्या आश्रयाने राहतात, हेही नमूद केले पाहिजे. काठालगतचे चार पुंजके आणि काठापासून काठापर्यंतचे आच्छादन यांत अंतर आहे.

उपयोग किती, कसे आणि कोठे

जलपर्णीच्या उपयोगांची यादी लहान नाही. तिच्यापासून उत्तम सेंद्रिय खत होते. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी विकसित केलेल्या नाडेप पद्धतीच्या टाक्यांत इतर काडीकचऱ्याप्रमाणे तिचाही वापर करता येतो. चिरून व शेणकाल्यात मिसळून ती गोबर गॅस संयंत्रात घालता येते. वाळलेल्या देठांपासून टोपल्या, चटया, पिशव्या विणल्या जातात. आसाममध्ये गुवाहाटीनजीकच्या दीपोर बील परिसरातील युवतींनी अशा देठांपासून योगासनांच्या चटया तयार केल्या व त्यांचे २०२१ मध्ये बरेच कौतुक झाले. बांगलादेशाच्या दक्षिण भागातील शेतकरी पाणथळ जागेत जलपर्णीचे जाड थर रचून त्यांवर भाजीपाला व रोपे पिकवितात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१५ मध्ये या तरंगत्या शेतीला जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान्यता दिली.

हे उपयोग खरे आहेत. परंतु त्यांच्या मर्यादाही तितक्याच खऱ्या आहेत. जलपर्णीच्या वजनात सुमारे ९५ टक्के पाणी असते. दाट वाढलेल्या एका हेक्टरातून ४०० टनांपर्यंत ओला माल निघतो. पण वाळल्यावर हाती राहतो तो जेमतेम २० टन. दहा टनांचा एक ट्रक भरला, तर त्यातील साडेनऊ टन पाणीच आपण वाहून नेत असतो. त्यामुळे लांबच्या कारखान्यापर्यंत ओली जलपर्णी नेण्याचा व्यवसाय परवडणे कठीण. जेथे ती निघते, तेथेच काठावर वाळविणे आणि लगतच्याच शेतांत खत म्हणून वापरणे हा मार्ग व्यवहार्य ठरतो. हस्तव्यवसायांना लागणारे लांब देठ एकूण मालाच्या मानाने थोडे असतात. महिला बचत गटांना त्यातून पूरक रोजगार मिळू शकतो. तेवढ्याने नदी मात्र मोकळी होणार नाही.

दुसरी मर्यादा सुरक्षिततेची. जलपर्णी पाण्यातील शिसे, कॅडमियम, क्रोमियम, पारा यांसारखे जड धातू शोषून घेते. कारखान्यांचे पाणी मिसळणाऱ्या नदीतील जलपर्णी जनावरांना घालणे किंवा तिचे खत भाजीपाल्याला देणे धोक्याचे आहे. अशा ठिकाणी प्रयोगशाळेत तपासणी करून घेतल्यावाचून तिचा वापर करू नये. खतासाठीही ती फुलोऱ्यापूर्वीच काढावी. अन्यथा अर्धवट कुजलेल्या खताबरोबर बिया शेततळ्यांत व चाऱ्यांत पोहोचतात.

पाणी शुद्ध करते, मग राहू द्यावी काय?

जलपर्णी सांडपाणी शुद्ध करते, मग ती काढता कशाला, असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. अमेरिकेच्या ‘नासा’ या अवकाश संस्थेतील शास्त्रज्ञ वॉल्व्हर्टन यांनी १९७० नंतरच्या दशकात मिसिसिपी राज्यात सांडपाण्याच्या तळ्यांत जलपर्णी वाढवून यशस्वी प्रयोग केले, ही गोष्ट खरी आहे. पण ती तळी मर्यादित होती आणि जलपर्णी ठराविक काळाने कापून बाहेर काढली जात होती. कापणी झाली नाही, तर तिने शोषलेले नत्र व स्फुरद ती कुजल्यावर पुन्हा त्याच पाण्यात उतरतात.

येथे एक ढोबळ हिशेब उपयुक्त ठरेल. एका हेक्टरातून निघणाऱ्या २० टन वाळलेल्या जलपर्णीत सुमारे दोन टक्के, म्हणजे ४०० किलो नत्र असते. एका माणसाच्या मलमूत्रातून वर्षाकाठी सुमारे चार किलो नत्र बाहेर पडते. याचा अर्थ एक हेक्टर नदीपात्र एकदा पूर्ण स्वच्छ केले, तर १०० माणसांचे वर्षाचे नत्र बाहेर निघाले. वर्षातून चार वेळा कापणी केली, तर ४०० माणसांचे. पन्नास हजार वस्तीच्या गावासाठी सव्वाशे हेक्टर जलपर्णी वर्षातून चार वेळा काढावी लागेल. सांडपाणी शुद्धीकरण केंद्राची जागा जलपर्णी घेऊ शकत नाही, हे यावरून उघड होते.

याच हिशेबातून प्रश्नाचे मूळही दिसते. जलपर्णीला बी-बियाणे, नांगरट, मशागत काहीच लागत नाही. लागते ते फक्त खत, आणि ते आपणच अहोरात्र पुरवीत असतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ मधील अहवालानुसार देशाच्या शहरी भागात दररोज सुमारे ७२,००० दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होत होते आणि त्यांपैकी सुमारे २०,००० दशलक्ष लिटरच प्रत्यक्ष शुद्ध होत होते. मंडळाने २०२२ मध्ये देशातील ३११ प्रदूषित नदीपट्टे नोंदविले. त्यांपैकी ५५, म्हणजे सर्व राज्यांत अधिक, महाराष्ट्रातील होते. शेतातून वाहून येणारी रासायनिक खते यात आणखी भर घालतात. ज्या नदीत प्रवाह आहे आणि मैला नाही, तेथे जलपर्णी क्वचितच मूळ धरते.

उपाययोजना

जलपर्णीच्या नियंत्रणाचे तीन मार्ग प्रचलित आहेत. पहिला मार्ग माणसे किंवा यंत्रे लावून ती काढण्याचा. तो सर्वांत निर्धोक आहे. पण वेळ साधली तरच फलदायी होतो. उन्हाळ्यात नदी झाकून गेल्यावर जागे होण्यापेक्षा नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पुंजके विरळ असतानाच काम हाती घ्यावे. काढलेला माल पूररेषेच्या आत टाकू नये. पहिल्या पावसाबरोबर तो पुन्हा नदीत जातो. कामाचे मोजमाप करताना किती टन माल काढला यापेक्षा किती क्षेत्र किती महिने मोकळे राहिले, हे पाहावे. पाण्याने जड झालेल्या मालाचे वजन हा कामाचा खरा निकष होऊ शकत नाही. यंत्राने केवळ तुकडे करून ते पाण्यातच सोडणे टाळावे. त्या तुकड्यांपासून नवी रोपे फुटतात.

दुसरा मार्ग तणनाशकांचा. तो झटपट वाटतो; परंतु मेलेली जलपर्णी तळाशी जाऊन एकदम कुजते, प्राणवायू संपतो व मासे मरतात. पिण्याचे पाणी, गुरांचे पाणवठे आणि मासेमारी ज्या पाण्यावर अवलंबून आहे, तेथे हा मार्ग टाळणेच श्रेयस्कर.

तिसरा मार्ग जैविक नियंत्रणाचा. जलपर्णीच्या मायदेशातील दोन जातींचे सोंड्या भुंगेरे व एक सूक्ष्म कोळी १९८२ च्या सुमारास भारतात आणण्यात आले. ते पिकांना अपाय करीत नाहीत, याची खात्री करून नंतर त्यांचा प्रसार करण्यात आला. हे भुंगेरे पाने कुरतडतात आणि त्यांच्या अळ्या देठ पोखरतात. बंगळूर परिसरातील तलावांत त्यांनी काही वर्षांत चांगले यश दाखविले. आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवरात १९९५ पासून सोडलेल्या भुंगेऱ्यांमुळे पुढील काही वर्षांत तेथील आच्छादन लक्षणीय घटले. हवामानाचाही त्याला हातभार लागला. मात्र हा मार्ग सबुरीचा आहे. परिणाम दिसण्यास तीन ते पाच वर्षे लागतात, मधल्या काळात फवारणी केल्यास भुंगेऱ्यांचे अन्नच नाहीसे होते आणि अतिपोषित पाण्यात त्यांच्या खाण्यापेक्षा जलपर्णीची वाढ अधिक वेगाने होते. पुराने वाहून जाणाऱ्या नद्यांपेक्षा तलावांत हा उपाय अधिक लागू पडतो.

हे तिन्ही मार्ग जलपर्णीवरचे आहेत. चौथा मार्ग जलपर्णीच्या कारणावरचा आहे आणि त्यावाचून पहिल्या तिन्हींचे श्रम दरवर्षी नव्याने करावे लागतात. नाल्यांचे पाणी अडवून शुद्धीकरण केंद्राकडे वळविणे, केंद्रांत नत्र व स्फुरद कमी करण्याची सोय करणे, लहान गावांनी शोषखड्डे व स्थिरीकरण तळी यांचा अवलंब करणे, शुद्ध केलेले पाणी शेतीला देणे आणि नदीत किमान प्रवाह राखणे ही ती कामे होत. जल प्रदूषण प्रतिबंधाचा कायदा १९७४ पासून अस्तित्वात आहे. त्याच्या अंमलबजावणीत स्थानिक स्वराज्य संस्थांचा वाटा मोठा आहे.

नागरिकांनाही करण्यासारखे पुष्कळ आहे. घरातील हौदात वा शोभेच्या कुंडात जलपर्णी लावू नये. युरोपीय संघाने २०१६ मध्ये तिच्या विक्रीवर व लागवडीवर बंदी घातली, ती याच कारणाने. गावतळ्यात पहिला पुंजका दिसताच ग्रामपंचायतीस कळवावे. युवक मंडळे, मच्छीमार सहकारी संस्था आणि शाळा-महाविद्यालयांची राष्ट्रीय सेवा योजनेची पथके यांनी डिसेंबरमध्ये दोन दिवस श्रमदान केले, तर मे महिन्यातील लाखोंचा खर्च वाचतो.

जलपर्णीचा उपयोग जरूर करावा. पण उपयोगासाठी तिला वाढू देऊ नये. काढलेल्या जलपर्णीचे खत होणे हा काटकसरीचा भाग झाला, तो नदी झाकली जाण्याची भरपाई नव्हे. पंढरीची वाट चालणारा वारकरी इंद्रायणीकाठून निघून चंद्रभागेच्या वाळवंटात पोहोचतो. तेच पाणी, तोच मैला आणि तीच जलपर्णी भीमेच्या खोऱ्यातून त्याच दिशेने जात असते. आळंदीला नदीत काय सोडले जाते, याचा विचार पंढरपूरच्या माणसासाठीही करावयाचा असतो. ज्या वर्षी बंधाऱ्याला बरगे घातल्यानंतरही पाणी फाल्गुनापर्यंत मोकळे राहील, त्या वर्षी वरच्या गावांनी आपले काम केले, असे खालच्या गावांना निःशंकपणे म्हणता येईल.